म्हशीची गाय

ही गोष्ट आठवली की मला अजून शिसारी येते, आणि सगळ्यात आधी ती माझीच येते. तरी सांगतो, कारण गोष्ट माझी नाही, फारुकचाचांची आहे.

निरवांगीत फारुक मुलाणी म्हणून विचारलंत तर लोक जरा विचारात पडतील. भोंगेवाला फारुक म्हणा, शेंबडं पोरही घर दाखवील. चाळीस वर्षं या माणसानं आमच्या भागातल्या लग्नांना, जत्रांना आणि सभांना भोंगे पुरवले. माझ्या आईवडलांच्या लग्नात त्यांचेच भोंगे होते. बाभळीच्या झाडावर चढून भोंगा बांधणारे चाचा त्या लग्नाच्या एका फोटोत कोपऱ्यात दिसतात, पायांत चपला नाहीत आणि दातांत वायर धरलेली.

भोंग्यांबरोबर त्यांच्याकडं एक टेपरेकॉर्डर असे. वायर ओढून झाली की वऱ्हाड येईपर्यंत दोन-तीन तास मोकळे जात. तेवढ्या वेळात इतर भोंगेवाले बिडी ओढत, चाचा टेप काखेत मारून गावात शिरत. हळद दळणाऱ्या बाया, हलगी तापवून बघणारे वाजंत्री, मेंढरांमागं शीळ घालणारा धनगर, मोहरमच्या सवारीपुढं हिंदू-मुसलमान मिळून म्हणायचे ती गाणी, जे कानावर पडेल ते त्यांनी भरून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. घरात लोखंडी ट्रंका दोन, त्यांत साडेतीनशे कॅसेटी. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. दर वर्षी दिवाळीआधी चाचा कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक फीत हातानं पुसत बसत.

मी बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संस्थेनं जाहीर केलं की एक धातूची चकती यानातून दूर अंतराळात धाडायची आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या माणसांचं संगीत कोरायचं. उद्या कुणाला ती सापडलीच, तर माणूस नावाचा प्राणी कसा होता ते कळावं. भागाभागांतून दहा-दहा मिनिटांचं संगीत मागवलं होतं. आमच्या कॉलेजानं समिती नेमली. अध्यक्ष माधवीताई, शास्त्रीय गाणं शिकवतात, त्यांच्या क्लासला पुण्याहून विद्यार्थी येतात. खर्च राजवर्धनरावांचा, त्यांच्या घरची दुधाची डेअरी आहे. सचिव मी. आमच्या गावात कॅसेटींचा खजिना आहे असं मीच मोठ्या तोंडानं सांगितलं आणि चाचांना समितीवर घेतलं.

चाचांना केवढा आनंद झाला होता. "म्हंजे दीपकराव, आपल्या हितला आवाज आभाळाच्या पलीकडं जाणार?" त्यांनी दोनदा विचारलं. मग महिनाभर ते ट्रंकेपुढून उठले नाहीत. साडेतीनशेतून अकरा कॅसेटी निवडल्या, पुसल्या, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली.

पहिल्या बैठकीला ते धुतलेला पांढरा सदरा घालून आले. बैठकीची खोली थंडगार, मोगऱ्याचा फवारा मारलेला आणि त्याखाली गार समोशांच्या तेलाचा वास. माधवीताईंनी वाटणी तयारच ठेवली होती. शास्त्रीय चार मिनिटं, अभंग दोन, नाट्यसंगीत दोन, देशभक्तीपर एक आणि उरलेलं एक मिनिट लोकसंगीत.

"एकच मिनिट?" चाचा म्हणाले.

"फारुकभाई, शास्त्रीय संगीत वैश्विक असतं," माधवीताई गोड आवाजात म्हणाल्या. "लोकसंगीत स्थानिक असतं. बाहेरच्यांना ते कळणार नाही."

"बाहेरच्यांना म्हंजे कुणाला? जे अजून आपल्याला दिसल्यालंच न्हाईत त्यांना?"

हलगीची कॅसेट लावली तर अर्ध्या मिनिटात राजवर्धनरावांनी हात वर केला. "हे मयताला वाजवतात ना? नको. चकतीवर अपशकुन नको." लग्नालाही हीच हलगी वाजते, त्यांच्या स्वतःच्या वरातीपुढं वाजली होती आणि ते तिच्यापुढं तासभर नाचले होते. हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. वाजवणाऱ्यांच्या जातीचा उल्लेख कुणी केला नाही, आणि करायची गरजही नव्हती.

मग माधवीताईंना आठवण झाली. "आणि हो, सर्वसमावेशक असायला हवं. तुमच्याकडची एखादी कव्वाली असेल ना?"

"आमच्याकडची?" चाचांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. "ही माझ्या आईची. जात्यावरची."

लावली. जात्याची घरघर आणि म्हातारीचा चिरका आवाज. माहेरी न्यायला मूळ धाड असं भावाला सांगणाऱ्या ओव्या, आमच्या निरवांगीच्या बोलीत. माधवीताई मान तिरकी करून ऐकत होत्या.

"छान आहे. पण हे मुसलमान वाटत नाही."

चाचांनी कॅसेट बाहेर काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि पिशवीत ठेवली. "माझी आई आयुष्यभर मुसलमानच व्हती, ताई," ते म्हणाले. "तिला कव्वाली येत न्हवती."

शेवटी त्या एका मिनिटासाठी सगळ्यांच्या पसंतीला उतरली ती सारजाआक्काची कॅसेट. आक्का आमच्याच गावच्या, आता सत्तरीच्या. चाचांनी ते गाणं तीस वर्षांपूर्वी पहाटेच्या अंधारात आक्कांच्या गोठ्याच्या कुडाला बाहेरून टेप टेकवून भरून घेतलं होतं. म्हशीचं रेडकू मेलं होतं, म्हैस पान्हा सोडत नव्हती आणि आक्का तिच्या कासेला हात लावून गात होत्या:

सोड पान्हा काळे बाई, रेडकू तुझं गेलं रानी,
माझंबी गं गेलं बाई, तुझ्या डोळ्यात माझं पानी.

टेपवर म्हशीचा श्वास ऐकू येतो. दुसऱ्या ओळीनंतर जरा थांबून चरवीत पहिली धार पडते, मग आवाज संथ होत जातो. राजवर्धनरावांनीही हात वर केला नाही. मला वाटलं, चला, हे तरी जमलं.

दुसऱ्या बैठकीआधी चाचा आणि मी आक्कांकडं गेलो. गाणं आभाळापलीकडं जाणार हे सांगितल्यावर त्या जराशा हसल्या.

"त्याच्यात कसलं कौतिक, फारुकभाऊ? तवा फसवलंय आमी तिला."

"कुणाला?"

"म्हशीला. मालकानी मेल्याल्या रेडकाचं कातडं काढलं, त्यात कडबा भरला आन् म्होरं हुबं केलं. ती त्येला चाटायची. वास मारत हुता, माश्या घोंगावत हुत्या, तरीबी चाटायची. आन् मी हिकडून गानं म्हनत धार काढायची. माझा ल्योक जाऊन पंधरा दीस झालं हुतं. गानं खरं हुतं. पर दूध पायजे हुतं, त्येबी खरं हाय." आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "आटल्यावर बाजारात इकली तिला."

घरी गेल्यावर चाचांनी चिठ्ठी नवी लिहिली. बाईचं नाव, गाव, साल, मेलेलं पोर, कडब्यानं भरलेलं कातडं, माश्या, बाजार. सगळं लिहिलं. "मानूस कसा व्हता म्हनून त्यांनी इचारलंय न्हवं?" ते मला म्हणाले. "मग ह्येच हाय उत्तर. गोडबी हाय आणि घाणबी हाय."

ती चिठ्ठी मी दुसऱ्या बैठकीत वाचून दाखवली. कातड्यापाशी आल्यावर माधवीताईंनी नाकाला रुमाल लावला. "शी! हे काय आहे? जगापुढं आपण हे मांडणार?"

"चिठ्ठी गाळा," राजवर्धनराव म्हणाले. "आणि गाणंसुद्धा नव्यानं करू. कुत्रं भुंकतंय मागं, बाई खोकतेय. ताईंची एखादी विद्यार्थिनी म्हणेल, बासरी घालू. अजून एक. म्हैस बरी दिसत नाही. गाय करा."

चाचांना वाटलं ते थट्टा करतायत. "म्हशीची गाय?"

"आमच्या डेअरीच्या पिशवीवरही गायच आहे, फारुकभाई. लोकांना तेच आवडतं. 'काळे बाई'च्या जागी 'धेनू माते' बसतंय बघा मापात."

खरंच बसत होतं. लॅपटॉप माझ्यापुढं होता. म्हैस खोडून गाय मीच टंकली. रेडकू खोडून वत्स केलं. माधवीताईंना मेलेल्या पोराची ओळ 'फार निराशाजनक' वाटली, म्हणून तिथं कृष्णाची बासरी घातली. 'वत्स तुझे वृंदावनी, बासरी वाजे गोड कानी.' माझी बोटं न थांबता चालत होती. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि राजवर्धनराव कॉलेजच्या संचालकांत होते. हे कारण मी आजवर कुणाला दिलं नाही, कारण देताना मला स्वतःच्या तोंडाचा वास येतो.

चाचांपुढं चहाचा कप होता. त्यांनी तो बोटानं मेजाच्या मध्यावर सरकवला.

"ह्यो चहा कशाच्या दुधाचा हाय?" त्यांनी राजवर्धनरावांना विचारलं.

"म्हशीच्या. का?"

"न्हाय, इचारलं," चाचा म्हणाले. आणि कॅसेट वापरू देण्याच्या संमतीपत्रावर सही न करताच उठले.

सहीवाचून काही अडलं नाही. गाणं पारंपरिक आहे, पारंपरिक गाण्याचा मालक कुणी नसतो, असं राजवर्धनरावांच्या वकिलांनी सांगितलं. दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण परदेशी रवाना करण्याआधी बारामतीत मोठा समारंभ झाला. आक्कांना आणायचं काम माझ्याकडं होतं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. चाचा यायला तयार नव्हते, पण आक्का एकट्या नकोत म्हणून आले. पहिल्या रांगेत आक्का, त्यांच्या एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला मी.

दिवे मंद झाले. बासरी वाजली, पाठोपाठ तबला, मग एका मुलीचा घोटून घोटून गुळगुळीत केलेला आवाज. पडद्यावर पांढरीशुभ्र गाय, गळ्यात झेंडूची माळ. आक्का शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर टाळ्यांमध्ये माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "ग्वाड हाय. कुनाचं हाय ह्ये गानं?"

"तुमचंच, आक्का."

"माझं?" त्यांनी पुन्हा पडद्याकडं बघितलं. "मी कवा गाय पाळली?"

पुढं त्यांना मंचावर नेलं. शाल आली, नारळ आला. निवेदिका म्हणाली की या निरक्षर माउलीच्या ओठांवरचा कच्चा हिरा आज पैलू पाडून आपण विश्वाला अर्पण करत आहोत. आक्कांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण 'निरक्षर' कळलं. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि खाली बघत राहिल्या.

चाचा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. दारापाशी कुंड्या मांडल्या होत्या. त्यातल्या एका कुंडीत ते वाकून थुंकले. पान-तंबाखू काही न खाणारा माणूस. मी त्यांना कधी थुंकताना पाहिलं नव्हतं.

"चाचा, बरं वाटत न्हाय का?"

चाचांनी सदऱ्याच्या टोकानं तोंड पुसलं. "तू जा आत. तुझं काम हाय."

आणि मी आत गेलो.

सात महिन्यांनी परदेशातून यादी आली. आमच्या दहा मिनिटांतलं एक सेकंदही घेतलं नव्हतं. अख्ख्या देशाला मिळून दीड मिनिट होतं, त्यात सतार आणि देवळातली घंटा. तिकडच्या वाद्यवृंदांना एकोणीस मिनिटं. सोबतच्या टिपणात त्यांच्या संगीताला 'मानवी प्रतिभेचं शिखर' म्हटलं होतं, आणि आमच्यासारख्यांनी धाडलेल्याला 'प्रादेशिक परंपरा, जिचं आकलन बाहेरच्या श्रोत्याला अवघड.'

माधवीताई रडल्या. "हा पक्षपात आहे! कुणी दिला त्यांना हा अधिकार?" त्या म्हणत होत्या. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्यापुढं घालवली होती. पण मला त्यांची दया आली नाही. त्यांचेच शब्द परक्या भाषेत फिरून त्यांच्या अंगावर पडले होते आणि त्यांना ते ओळखू येत नव्हते. निषेधाचं पत्र तयार झालं. सोबत काहीतरी अस्सल जोडावं, असं राजवर्धनरावांच्या मनात आलं. "ती म्हातारीची मूळ कॅसेट मिळते का बघा, कुत्र्यासकट. आता तसलंच चालतं."

पत्र घेऊन मी निरवांगीला गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. खतिजाचाची दाराशी लसूण सोलत होत्या. पत्र वाचून चाचांनी ते माझ्या मांडीवर टाकलं.

"काल आमाला चाळलं, आज त्यांला कुणी चाळलं तर एवढं झोंबलं? मला ह्या चाळणाऱ्यांच्या जातीचीच किळस आलीय, दीपकराव. कोण ठेवायचं, कोण फेकायचं, ठरवणारं ह्ये कोण?"

"आन् तुमी?" चाची लसणावरून नजर न उचलता म्हणाल्या.

"मी काय?"

"साडेतीनशे क्याशिटी भरल्या. एकीत तरी मी हाय का?"

"तू कुठं गायचीस?"

"आपली साजिया पाळण्यात व्हती तवा रोज गायची. तुमीच भरून घेतलं व्हतं एकदा. मग निवडणूक आली, कोरी क्याशीट सापडंना, तर त्याच्यावरच भाषण भरलंत. पुन्यांदा गायला लागले की म्हनायचा, गप, टेप चालू हाय." त्यांनी सालं गोळा केली. "आन् ऊसतोडीच्या बाया दर साली चार-चार म्हैनं मागच्या रानात कोप्या टाकून राहत्यात, पहाटंची गात्यात. एक दिस तरी गेलात का टेप घेऊन? म्हनायचा, ती आपल्या गावची न्हाईत."

चाचा बाजेवरून उठले. मग आत गेले. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. एक कॅसेट घेऊन ते बाहेर आले आणि लावली. निवडणुकीचं भाषण होतं. कुठल्या तरी उमेदवाराचा बसलेला आवाज, कालव्याच्या पाण्याचं आश्वासन, टाळ्या. चाचांनी दोन्ही बाजू ऐकल्या. पाळणा कुठंच नव्हता. शेवटपर्यंत भाषण आणि टाळ्या, टाळ्या.

मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो. समारंभाच्या दिवशी कुंडीपाशी जो चेहरा होता, तोच आता स्वतःसाठी होता.

"एकदा म्हण की," शेवटी ते चाचींना म्हणाले.

"आता कुनासाठी?" चाची म्हणाल्या आणि लसणाची पाटी उचलून आत गेल्या.

आक्कांची कॅसेट त्यांनी मला दिली नाही. निषेधाच्या पत्रावर सहीही केली नाही. माझी सही मात्र त्या पत्रावर आहे. उत्तर दोन ओळींचं आलं, आपल्या स्वारस्याबद्दल आभार.

त्यानंतर चाचांनी कुठल्याच समितीला, पेपरवाल्याला ट्रंकेला हात लावू दिला नाही. प्रत्येक कॅसेटीची नक्कल करून ज्याचा आवाज त्याच्या घरी पोचवायची, एवढंच काम त्यांनी धरलं. मी सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन जातो. लोणी देवकरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या नातवानं आज्याची शीळ वीस सेकंद ऐकली आणि मोबाईलवर पाठवा म्हणाला. एका घरात सून म्हणाली, सासूचा आवाज नको घरात, फार छळलंय तिनं. चाचांनी तेही मान हलवून ऐकून घेतलं. आक्कांकडं दिली तेव्हा त्यांनी एकदाच ऐकली आणि ठेवून दिली.

ट्रंकेत आता एक वही असते. कुठल्या कॅसेटीवर आधी काय होतं, कुणाला गप्प केलं, कुणाच्या दाराशी गेलोच नाही, हे चाचा तिच्यात लिहितात. पहिल्या पानावर खतिजाचं नाव आहे.

यंदा साखर कारखान्याचं गाळप सुरू झाल्यावर ते मला घेऊन मागच्या रानातल्या ऊसतोडीच्या झोपड्यांवर, त्या कोप्यांवर गेले. उसाच्या पाचटाचा धूर होता, चुली पेटल्या होत्या. बीडकडची एक बाई मोळ्यांच्या दोऱ्या सोडवत होती. चाचांनी टेप खाली ठेवला आणि विचारलं, पहाटेला तुमी म्हणता ते एखादं म्हणाल का?

"कशाला?" बाई म्हणाली.

आभाळापलीकडचं काही सांगायची चाचांची छाती झाली नाही. बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, टेपरेकॉर्डर न्याहाळला.

"तुम्ही आवाजाचं काम करता का, बाबा?"

"व्हय."

तिनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला. "ह्याच्यातून आवाजच येईना झालाय. लेकराचा फोन येतो गावाकडून, ऐकूच येत नाई. बघता का?"

चाचा तिथंच पाचटावर मांडी घालून बसले, खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला म्हणाले, "दीपकराव, जरा उजेड आडवू नका."